टॅक्सीचं आतलं अंग

युआनलिन,
३ सप्टेंबर १९९४

ताई,

नमस्कार. विनंती विशेष अशी की हे पत्र तुझ्या दुकानातल्या नाश्त्याच्या गर्दीत उघडू नकोस. सोयाबीनचं दूध चुलीवर असेल तर आधी उतरवून ठेव.

मी कॉलेज सोडलं. झालं, लिहून टाकलं. जूनमध्ये आमच्या प्राध्यापकांनी माझा आराखडा भर वर्गात उंच धरून विचारलं, "हे यंत्र आहे की कोंबड्यांचं खुराडं?" मी म्हटलं, "सर, आत बसून बघा, लगेच कळेल." त्यानंतर आमच्यात जी चर्चा झाली ती तीन मजल्यांवर ऐकू गेली. अशा थोर ज्ञानमंदिरात माझ्यासारख्या क्षुद्र जिवाने राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून निघालो. आईबाबांना वाटतंय मी सुट्टीत मामाकडे काम करतोय. ते खरंच आहे. सुट्टी जरा लांबली इतकंच.

आ-खुन मामाचा धंदा तुला माहीत आहे. बाकीचे लोक गाडी बाहेरून रंगवतात, आपला मामा आतून रंगवतो. डॅशबोर्ड, दारांची आतली पॅनेलं, गिअरभोवतीची चौकट. सगळं सोडवायचं, साबणाने तीनदा धुवायचं, स्पिरिटने पुसायचं, पॉलिशपेपरने घासायचं, परत धुवायचं. मग प्लास्टिकला धरून ठेवणारं अस्तर, आणि मग कुठे रंगाचे तीन हात, कागदासारखे पातळ. मामा म्हणतो, "रंगाला वेळ लागत नाही रे, वेळ लागतो धुण्याला." म्हणजे अडीच वर्षं यंत्रशास्त्र शिकून मी धोबी झालो.

आता मुद्द्याचं. वान-रू तुला आठवत असेल. नसेल तर आठव, गेली दोन वर्षं माझ्या प्रत्येक पत्रात ती आहे. तिचा अभ्यासक्रम संपला आणि ती आपल्या गावी, युआनलिनला, मुरावळ्याच्या कारखान्याच्या ऑफिसात लागली. मामाचं दुकानही युआनलिनलाच आहे. हा योगायोग आहे. भुवई खाली घे.

कॉलेज सोडलं की लष्कराचं बोलावणं येतं, दोन वर्षांचं. म्हणून मी तिला सरळ विचारलं, "थांबशील का?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "माझ्या बाबांनी आजवर कुणाबद्दल चांगला शब्द काढलेला नाही. आईबद्दल नाही, माझ्याबद्दल नाही, स्वतःच्या लग्नातल्या जेवणाबद्दलसुद्धा नाही. तुझ्याबद्दल त्यांनी एक चांगला शब्द काढला तर मी दोन वर्षं थांबेन. नाही काढला, तर मावशीने आणलेल्या दातांच्या डॉक्टरला भेटायला जाईन."

तिचे बाबा म्हणजे त्सेंगकाका, स्टेशनसमोरच्या स्टँडवरचे टॅक्सीवाले. आणि ताई, काल त्यांची टॅक्सी आमच्या दुकानात आली! नऊ वर्षांच्या उन्हाने डॅशबोर्ड वाळलेल्या सालीसारखा झालाय, दारांवर पांढऱ्या रेघा. सगळं आतलं अंग मी रंगवणार आहे. मामाने काम माझ्यावर सोपवलंय.

एक चांगला शब्द. फक्त एक. एवढ्याने तर दगडालाही पाझर फुटेल.

तुझा,
तुंग-लिन


ताइतुंग,
९ सप्टेंबर

चि. तुंग-लिन यास,

आशीर्वाद. सगळे एकदम पाठवत नाही, तुझं वागणं बघून हप्त्याने पाठवीन.

दूध उतरवायला मी विसरले. अर्धं उतू गेलं, ते तुझ्या नावावर. तुझे भावोजी विचारत होते काय झालं, मी सांगितलं, "आमच्या घरात एक इंजिनिअर होणार होता, तो उतू गेला."

प्राध्यापकांची गोष्ट मी विश्वास ठेवून वाचली. खुराड्यापर्यंत ठेवला, पुढे ठेवता आला नाही. ती मुलगी जूनमध्ये गावी गेली आणि जूनमध्येच तुझा स्वाभिमान जागा झाला. स्वाभिमानाचं वेळापत्रक फार छान आहे.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. मी फक्त इथे बसून वाट बघणार आणि मजा घेणार.

आता नीट वाच. टॅक्सीवाल्याची गाडी म्हटल्यावर डॅशबोर्डावर मात्सू मायची, दर्यादेवीची, छोटी मूर्ती असणारच. नऊ वर्षं असणार, चिकटवलेली असणार. ती काढण्याआधी तिला विचार. कौलाच्या लाकडी चंद्रकोरी टाक, तिचा होकार घे, मग हात लाव. तुला हे सांगायला लागतंय याचं मला वाईट वाटतं, पण लहानपणी गावच्या पालखीपुढे नाचणाऱ्या सिंहाच्या सोंगाची शेपटी ओढून बघणारा तूच होतास.

सीताफळांची पेटी पाठवली आहे. मामाला दे. अर्धी तू खाणार हे धरूनच मोठी पेटी घेतली.

तुझी,
ताई


युआनलिन,
१५ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र अकरा तारखेला पोचलं. मात्सू माय मी दहा तारखेला काढली होती. आपल्या टपालखात्याला माझा मनःपूर्वक प्रणाम.

गरम हवेने गोंद मऊ केला, मासे पकडायची दोरी खालून फिरवली, माय अलगद हातात आली. एक टवका उडाला नाही. शास्त्रशुद्ध काम! तिला मी मांडणीवर ठेवली, थिनरच्या दोन डब्यांच्या मधे, पडू नये म्हणून. तेवढ्यात मामा आला. त्याने आधी तिला बघितलं, मग मला बघितलं, आणि डोक्याच्या मागे एक ठेवून दिली.

"अरे गाढवा, थिनरच्या वासात बसवलीस तिला? आणि विचारलंस का?"

"मामा, गोंदाला विचारलं. तो हो म्हणाला."

दुसरी पण ठेवून दिली.

मग कोपरा धुतला, लाल कापड घातलं, माय तिथे बसवली, आणि मामाने उदबत्ती लावून माझ्या हातात चंद्रकोरी दिल्या. "तूच टाक. तूच काढलीस." टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे माय हसली. परत टाकल्या. परत हसली. पाच वेळा हसली ताई. शेजारच्या पंक्चरवाल्यापासून सगळे बघायला गोळा. सहाव्यांदा एक उलटी, एक सुलटी पडली. होकार मिळाला. इथे राहीन म्हणाली, पण माझ्या जिवावर पुरती करमणूक करून घेऊन.

हे सगळं त्सेंगकाका बघत होते. कारण टॅक्सी नाही तर माणसाने जायचं कुठे? ते रोज सकाळी सातला येतात, प्लास्टिकच्या लाल स्टुलावर बसतात आणि संध्याकाळी पाचला जातात, ड्यूटी असल्यासारखे. माझ्याकडे बघतात. मी घासतो, ते बघतात. मी धुतो, ते बघतात.

मी परवा विचारलं, "काका, रंग कोणता देऊ?"

"होता तसा."

"पण होता कसा? आता तर सगळाच उडालाय."

त्यांनी उठून डॅशबोर्डावर बोट ठेवलं. जिथे माय बसायची तिथे बशीएवढं गोल, गडद निळं-राखाडी, अगदी कोरं. "हा," म्हणाले आणि परत स्टुलावर. म्हणजे रंग मिळाला. मी तो डब्यात असा जुळवलाय की गोल कुठे संपतो हे तुला भिंगातून दिसणार नाही. मी त्यांना दाखवला. म्हटलं आता येणार चांगला शब्द.

"झाकण लाव," म्हणाले, "सुकेल."

वान-रू दुपारी त्यांचा डबा घेऊन येते. काल माझ्याकडे बघून हसली. हसली म्हणजे मात्सूसारखी नाही, चांगली हसली. निदान मला तसं वाटलं. दातांचा डॉक्टरही एकदा येऊन गेला, त्याच्या पांढऱ्या गाडीच्या दाराला ओरखडा आहे म्हणे. अत्तर इतकं मारून आला होता की थिनर लाजला.

सोमवारी अस्तर, मंगळवारी रंग. प्रार्थना कर.

तुंग-लिन

ता.क. सीताफळं मामाला दिली. म्हणजे बिया.


ताइतुंग,
२१ सप्टेंबर

चि. तुंग-लिन,

काल पौर्णिमेचा सण झाला. अंगणात निखाऱ्यावर मांस भाजलं, पपनस सोललं, तुझ्या भाच्याने पपनसाची साल टोपीसारखी डोक्यावर घालून घेतली आणि म्हणाला, "मी तुंग मामा, मी कॉलेज सोडलं." मी शिकवलेलं नाही. त्याचे कान आहेत, मी काय करू?

काकांचं "झाकण लाव" मला आवडलं. अशा माणसाला रंग आवडला नसता तर त्याने झाकण उघडं राहू दिलं असतं. पण हे तुला कळणार नाही, तुला शब्द हवेत, सनईचौघड्यासकट.

एकच सांगते. काहीही बिघडलं तरी आधी दहा आकडे मोज आणि मग तोंड उघड. निदान सात.

आणि दुपारचा डबा काकांसाठी येतो, तुझ्यासाठी नाही. त्यातला डुकराच्या मांसाचा तुकडा रोज उचलून खाणं बंद कर.

तुझी,
ताई


युआनलिन,
२९ सप्टेंबर

ताई,

डब्यातल्या तुकड्याचं तुला कसं कळलं, हे मी नंतर विचारीन. आत्ता मला डोकं नाही.

मंगळवारी रंगाचा पहिला हात मारला. फवाऱ्याच्या गनमधून धुक्यासारखा रंग बसला आणि दहा मोजेपर्यंत (बघ, मोजले) फाटायला लागला. डॅशबोर्डभर बारीक बारीक गोल खळगे, मधे उघडं प्लास्टिक. मामा याला माशाचे डोळे म्हणतो. शेकडो मासे, सगळे माझ्याकडे बघताहेत.

"धुतलं नाहीस," मामा म्हणाला.

"तीनदा धुतलं!"

"पाणी माहीत आहे ना तुला? नळातून येतं ते."

मी सगळा रंग काढला, घासलं, धुतलं, पुसलं, परत अस्तर मारलं. गुरुवारी परत रंग. परत मासे! या वेळी दारांच्या पॅनेलांवरही. मग मात्र मला वाटलं कुणीतरी मुद्दाम करतंय. ते अत्तरवाले गृहस्थ दोनदा दुकानात येऊन गेले होते. मी त्यांच्याकडे जाऊन शांतपणे चौकशी केली. त्यांनी नाही म्हटलं. मी परत आलो.

शनिवारी पुन्हा सगळं तयार केलं, पॅनेलं लाकडी घोड्यांवर मांडली आणि सकाळी सातच्या आधी येऊन मांडणीमागे लपलो. हातात लाकडी पट्टी. म्हटलं येऊ दे डॉक्टर, त्याचेच दात त्याच्या हातात देतो.

सातला त्सेंगकाका आले. इकडेतिकडे बघितलं नाही, लपवाछपवी काही नाही. स्टुलावर टोपी ठेवली. खिशातून पिवळं फडकं काढलं, दुसऱ्या खिशातून चमकीच्या पॉलिशची बाटली. आणि माझ्या धुतलेल्या, घासलेल्या, स्पिरिटने पुसलेल्या डॅशबोर्डाला पॉलिश लावायला लागले. सावकाश. कोपऱ्यांत बोट घालून. घड्याळाच्या खाचेत, रेडिओच्या बटणांच्या भोकांत. तोंडाने काहीतरी पुटपुटत. नऊ वर्षं रोज सकाळी स्टँडवर हेच करतात ते, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी. गाडीचे तुकडे झाले, तुकडे घोड्यांवर पडलेत, तरी सकाळ झाली की हात चालू. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की त्या पॉलिशवर रंग धरत नाही, आणि नुसतं घासून ते जात नाही, आणखी पसरतं.

माझी पट्टी वर उचललेली होती. ती मी खाली ठेवली. तारीख लिहून ठेव ताई, २४ सप्टेंबर, तुंग-लिन गप्प बसला.

का बसलो ते मला माहीत नाही. त्यांनी शेवटी दाराचं पॅनेल पुसलं, हातटेकणीवर दोनदा थोपटलं, जशी म्हशीची पाठ थोपटतात, आणि स्टुलावर बसले. मग मी मागच्या दाराने जाऊन पुढच्या दाराने आलो.

मी ते सगळं परत धुवायला लागलो, पण तेवढ्यात मामा आला. बरोबर चहाला चार टॅक्सीवाले. मामाने डॅशबोर्डावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा गोल होऊन घरंगळला.

"पॉलिश!" मामा ओरडला. "माझ्या दुकानात रंगाच्या आधी पॉलिश! कुणी लावलं?"

काका स्टुलावर. त्यांच्या खिशातून पिवळ्या फडक्याचं टोक बाहेर लोंबतंय आणि ते जमिनीकडे बघताहेत. तेव्हा त्यांना कळलं ताई. त्या क्षणी. मान वर येईना त्यांची.

"मी लावलं," मी म्हटलं.

"का?"

"चकाकेल असं वाटलं."

चौघे खो खो हसले. एक म्हणाला, "कॉलेजचा आहे ना, पुस्तकात असेल!" मामा लाल झाला. म्हणाला, "आत्ताच्या आत्ता चालता हो. बहिणीचा मुलगा म्हणून हात उचलत नाही." मला हातांचं काय करावं सुचेना, म्हणून मी किटली उचलली आणि विचारलं, "काका, चहा घेणार?"

"गार आहे," ते म्हणाले. "दुसरा कर."

झालं. हा माझा एक चांगला शब्द. नोकरी गेली, मान गेली, स्टँडवर मला आता 'चकाकी' म्हणतात. आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना चहा गरम हवा. मी किती थोर आहे हे जगात फक्त मलाच माहीत आहे, आणि आता तुला. वान-रूला यातलं काही सांगणार नाही. सांगितलं तर तिच्या बाबांचं हसं, आणि नाही सांगितलं तर माझं. माझी सवय आहे लोकांना.

पंक्चरवाल्याच्या माळ्यावर राहतोय.

तुंग-लिन


ताइतुंग,
४ ऑक्टोबर

तुंग-लिन,

शांतपणे चौकशी? खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या बाईच्या अंगावरून वाकून डॉक्टरची गचांडी धरण्याला तुझ्या कॉलेजात शांतपणे चौकशी म्हणतात का? बाईच्या तोंडात कापूस होता म्हणून ती ओरडू शकली नाही, एवढीच काय ती शांतता.

आता तुझ्या शंकेचं उत्तर. वान-रू मला पत्रं लिहिते. तीन आली. मामाकडून पत्ता घेतला. पहिल्या पत्रात एकच प्रश्न होता, "तुमचा भाऊ नेहमीच असा असतो का?" मी कळवलं, "नाही, झोपेत बरा असतो." दुसऱ्यात डब्याचं. तिसऱ्यात डॉक्टरच्या दवाखान्याचं, आणि मग पॉलिशचं. तिला वाटतंय की तू खरंच मूर्खपणाने लावलंस. फार चिडली आहे. "बाबांसमोर असं हसं करून घेतलं, आता ते कशाला चांगलं बोलतील?" असं लिहिते.

सकाळी सातचं जे तू मला लिहिलंस ते मी तिला कळवणार नाही. ते तुझं आहे. सांग किंवा सांगू नकोस. मी ते पत्र दोनदा वाचलं, आणि दूध दोनदा उतू गेलं, आणि या वेळी मी ते कुणाच्या नावावर टाकलं नाही.

दुसरं. लष्कराचा कागद गावी गेला. तो घरच्या पत्त्यावर येतो हे तुझ्या लक्षात नव्हतं ना? बाबांनी दारात उभं राहून वाचला. आईचा फोन आला, मी सगळं ऐकून घेतलं, पाऊण तास. बाबा मागून एकदाच बोलले, "जेवतो का तिथे, विचार."

जेवतोस का?

ताई


युआनलिन,
२४ ऑक्टोबर

ताई,

जेवतो. आता मामाकडेच.

तू आणि वान-रू मिळून माझ्या पाठीमागे पत्रव्यवहार करता हे वाचून मी आधी फार संतापलो. मग आठवलं की माझ्याशी पत्रव्यवहार करणारं जगात दुसरं कुणी नाही, तेव्हा निवळलो.

पाच तारखेला मामाचा निरोप आला, "ये, पॅनेलं पडून आहेत." कारण नाही, माफी नाही. मी ओळखलं, माझ्यासारखा रंग जुळवणारा त्याला मिळाला नसणार. शेवटी कलेची किंमत कळतेच माणसाला. गेलो. सगळं पहिल्यापासून धुतलं. काका सकाळचे यायचे बंद झाले होते. दुपारी यायचे, स्टुलावर बसायचे, हात मांड्यांखाली दाबून. फडकं दिसलं नाही.

तीन हात रंग बसला. एकही मासा नाही! सावलीत चार दिवस सुकवलं, गाडीत परत बसवलं. मात्सू मायला विचारलं, घरी जायचं का? पहिल्याच फेकीला होकार. माझ्यापासून सुटायची तिला घाई असावी.

अठरा तारखेला काका गाडी न्यायला आले. आत बसले. दार लावलं. डॅशबोर्डावरून हात फिरवला, नुसता हात. दाराच्या पॅनेलवर नख घासून बघितलं. आरशात बघितलं. काच खाली केली. मी, मामा, वान-रू, पंक्चरवाला, सगळे श्वास रोखून उभे.

"हं," म्हणाले आणि गाडी काढली.

हं! महिन्याभराच्या धुण्याला हं! ताई, हे अक्षर चांगलं की वाईट, हे मी वान-रूला विचारलंही. ती म्हणाली, "ते भात जास्त झाला तरी हं म्हणतात." आणि गेली कारखान्यात. मागे वळून बघितलं नाही. मी बघत होतो, म्हणून सांगतो.

पहिल्या तारखेला मला छावणीत हजर व्हायचंय. चिठ्ठी काढली, पायदळ निघालं. छान आहे. चालायला मिळेल, कुणी बोलायला सांगणार नाही. दातांच्या डॉक्टरला माझ्याकडून शुभेच्छा. हुशार माणूस आहे, लोकांना तोंड उघडायला लावतो, आणि बोलू देत नाही. त्सेंगकाकांचा जावई म्हणून याहून योग्य कोण?

बाबांना सांग, जेवतो. पुढचं मी गावी जाऊन स्वतः सांगेन. दहा मोजून.

तुंग-लिन


युआनलिन,
२० नोव्हेंबर

तुंग-लिन,

छावणीचा पत्ता ताईंनी दिला. त्यांनी असंही लिहिलंय की तू तिथे सगळ्यांना सांगत फिरतोस की प्रेम हा एक प्लास्टिकचा पदार्थ आहे. तुझ्या तुकडीतल्या मुलांना माझ्यातर्फे सहानुभूती कळव.

आधी तुझा एक गैरसमज दूर करते, कारण तो ऐकून मला हसू आवरेना. मामांनी तुला कलेची किंमत कळल्यामुळे परत बोलावलं नाही. तुला हाकलल्यावर बाबा दहा दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नाहीत, म्हणून आमच्या लक्षात आलं नाही. मग ते मामांकडे गेले. टेबलावर पॉलिशची बाटली ठेवली आणि म्हणाले, "माझी आहे. पोराला बोलवून घे." मामांनी विचारलं, "मग त्याने का सांगितलं नाही?" बाबा म्हणाले, "मला काय विचारतोस, त्याला विचार." मामांनी तुला विचारलं नाही, कारण तू उत्तर देशील याची त्यांना भीती वाटली. हे मला मामांनीच सांगितलं, गेल्या बुधवारी. तोवर मी तुला गाढव समजत होते. त्यात फार फरक पडलेला नाही, फक्त कुठल्या प्रकारचं, ते बदललं.

आता मागच्या गुरुवारचं. मी बाबांचा डबा घेऊन स्टँडवर गेले होते. झाडाखाली सातजण सुपारी चघळत बसलेले. बाबांची पाठ माझ्याकडे. लियाव, तो जाडा, बाबांना डिवचत होता.

"काय रे त्सेंग, गाडी आतून नवी नवरी झाली! तो चकाकी गेला का लष्करात? तिथे तोफेला पॉलिश लावेल!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "पॉलिश मी लावलं होतं."

"काय?"

"मी. रोज सकाळी. तीन वेळा काम नासलं ते माझ्यामुळे."

"मग तो तर म्हणाला..."

"म्हणाला ना." बाबांनी सुपारी थुंकली. "चोवीस वर्षं लोक माझ्या मागच्या सीटवर बसून खोटं बोलतात. बायकोशी बोलतात, साहेबाशी बोलतात, माझ्याशी बोलतात. इतकं नीट खोटं मी ऐकलेलं नाही. सगळं अंगावर घेतलं, तुम्ही लोक दात काढत होतात, आणि वर मलाच विचारतो, काका चहा घेणार? माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, की बघा, तुमच्यासाठी केलं. असा पोरगा मी बघितला नाही."

मग बाबांना मी दिसले. त्यांनी डबा घेतला, उघडला आणि म्हणाले, "हे काय, भात गार."

मी तीन दिवस विचार केला. ताईंनाही लिहिलं नाही. मी एक चांगला शब्द मागितला होता, आणि हे जे बाबा बोलले ते मोजायला गेलं तर त्यात तुझ्या कामाबद्दल, रंगाबद्दल, तुझ्या शिक्षणाबद्दल, भविष्याबद्दल काहीच नाही. उलट तू पट्टीचा खोटारडा आहेस असंच त्यांनी चारचौघांत जाहीर केलंय. मुलीच्या बापाने एवढं सांगितल्यावर शहाणी मुलगी काय करील?

मावशीला मी कळवलं की डॉक्टरांना भेटायला येत नाही. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनीच परवा निरोप पाठवला होता की या घरात सोयरीक नको, मुलीच्या ओळखीचे लोक दवाखान्यात येतात. तेव्हा याबद्दलही तुझे आभार मानायला हवेत.

दोन वर्षांनी परत आलास की कॉलेजात जायचं. प्राध्यापकांना खुराड्यात बसवायचं नाही. तुझं तोंड बंद ठेवून तू काय करू शकतोस ते मला आता माहीत आहे, त्यामुळे यापुढे सबबी चालणार नाहीत.

आणि बाबा तुझ्याबद्दल काय म्हणाले ते तुला माहीत आहे, असं त्यांना कधीही दाखवू नकोस. दाखवलंस तर ते शब्द परत घेतील, आणि मग मी काय करू?

थांबलेली,
वान-रू